केप कोस्टचा सातवा थांबा

मी खोटं बोलले. आधीच सांगून टाकते, नाहीतर मला गोल गोल फिरत बसायची सवय आहे.

आमच्या कुवेतच्या मराठी मंडळींत हे खोटं काही नवं नाही. कोणी भारतात निघालं की चार जणी मागे लागतात, "माझ्या आईला जरा डोळ्यांनी बघून ये गं." आपण हो हो म्हणतो. तिकडे पोचलं की लग्न, दातांचा डॉक्टर, ब्लाउज शिवायला टाकणं, आणि शेवटी विमानतळावरून एक फोन. परत आल्यावर मात्र, "भेटले ना! मस्त आहेत काकू." मीही असं केलंय. त्यातून कोणाचं काही बिघडल्याचं माझ्या कानावर आलं नव्हतं.

एफुआ आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मदतनीस. मी टेक्निशियन. मी रक्त तपासते, ती नमुन्यांचे ट्रे आणते. ती घानाच्या केप कोस्ट गावची, इथे कुवेतच्या जलीब वस्तीत सहा जणींच्या खोलीत राहते. माझ्या नवऱ्याला, हरीशला, बँकेच्या कामासाठी घानाला जायचं होतं आणि मीही शेपूट म्हणून निघाले. हे कळल्यावर बाई अशी खूश झाली, जणू तीच माहेरी निघाली होती.

दुसऱ्या दिवशी वाया गेलेल्या रिपोर्टच्या मागच्या बाजूला तिने गावाचा नकाशा काढून आणला. "गाइड करू नकोस, राजश्री सिस्टर. ते किल्ला दाखवतात आणि मोकळे होतात. हा कागद धर आणि तुझी तू चाल." सात थांबे, नंबर घालून. खेकड्याचा पुतळा, समुद्रावरचा किल्ला, गावातल्या जुन्या लढाऊ पथकांची रंगीत ठाणी, त्यांचे झेंडे शिवणारा शिंपी, टेकडीवरचं दीपगृह, बाजार. आणि सातवा, निळं दार. तिथे तिची आई, एकटीच राहणारी.

"फोनवर ती सगळं छानच म्हणते," एफुआ म्हणाली. "तू हॉस्पिटलची आहेस. जरा बस तिच्याजवळ, बघ. रजेची पाळी दोन वर्षांनी एकदा येते, यंदा माझी आहे. आई बरी असेल तर पाळी आपल्या लॅबमधल्या सुरैयाला देईन, तिच्या मुलीचं लग्न आहे. बरी नसेल तर मी जाईन."

एवढं स्पष्ट सांगितलं होतं तिने. मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

सहा थांबे आम्ही नीट केले. ठाण्यांवर सिमेंटचे सिंह, जहाजं, बंदुका घेतलेली माणसं, सगळं भडक रंगवलेलं. मी हरीशला उभं करून फोटो काढले. किल्ल्यात, जिथून गुलामांना जहाजावर चढवत त्या दरवाजाशी, मी ढसाढसा रडले. खरंच रडले, नाटक नव्हतं. तीनशे वर्षांपूर्वी कोणाच्या आया मागे राहिल्या असतील म्हणून माझ्या डोळ्यांना धारा. आणि बाजारापासून पंधरा मिनिटांवर एक जिवंत आई होती, तिच्यापर्यंत माझे पाय गेले नाहीत! चप्पल चावत होती. हरीश म्हणाला, "पुरे आता, ऊन बघ." कुवेतमध्ये राहणाऱ्यांनी उन्हाची तक्रार करावी, लाज नाही वाटली आम्हाला. गाडीत एसी लावून बसलो.

परत आल्यावर एफुआ लॅबच्या दारातच उभी. "भेटलीस?"

"भेटले ना! छान आहेत. चालतात, बोलतात." जीभ अडखळलीसुद्धा नाही. तिने माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. मला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं, पण धरणीलाही कामं असतात.

चार दिवसांनी चहाच्या सुट्टीत ती हसत आली. "आईशी बोलले. म्हणाली, हो, तुझी सिस्टर आली होती. खूप वेळ बसली, माझ्या हातचं जेवली."

मला आधी काय वाटलं सांगू? हायसं. जीव भांड्यात पडला माझा. म्हातारीनेच झाकून घेतलं, मी सुटले. लेकीचा मान ठेवायला बोलली असेल, भली बाई. दोन दिवस मी स्वतःला हेच समजावत होते, आणि दोन्ही दिवस घरी भाजीत मीठ विसरत होते.

तिसऱ्या दिवशी एफुआ रजेचा कागद घेऊनच आली. पाळी सुरैयाला दिली, खाली सही केली की झालं. माझंच पेन मागून घेतलं तिने. वर हसत म्हणाली, "आईला तू फारच आवडलीस. काल म्हणते, सिस्टर आज पुन्हा येऊन गेली. मी म्हटलं, अगं ती इथे कुवेतला आहे! म्हातारी माणसं, वार विसरतात."

ही झाकाझाक नव्हती. त्या बाईला खरंच कोणीतरी दिसत होतं, आणि हे ओळखू शकेल असं जगात एकच माणूस होतं. मी. कारण मी गेले नव्हते, हे फक्त मला ठाऊक होतं. हरीशलाही ठाऊक होतं म्हणा, पण त्याला म्हातारी काय म्हणते ते कुठे माहीत!

पेनचं टोपण निघालं होतं.

"एफुआ, थांब. सही करू नकोस." "मी गेलेच नव्हते. बाजारातून परत फिरले. तुझ्या आईला मी पाहिलंसुद्धा नाही. खोटं बोलले मी."

ती ओरडेल, पेन फेकेल, शिव्या देईल, असं वाटलं. दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं. तिच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. माझ्या खोट्यावरून तिचं मन केव्हाच पुढे, घरापर्यंत पोचलं होतं.

"मग आई कोणाला जेवायला वाढते?" तिने विचारलं.

पंधरा वर्षं मी रिपोर्ट लिहून पुढे पाठवते. वाईट बातमी सांगायची ती डॉक्टरांनी, हे आमचं ठरलेलं. त्या दिवशी डॉक्टर कोणी नव्हते. मी स्टूल ओढलं, तिला बसवलं, आणि म्हटलं, "कोणालाच नाही, एफुआ. तू घरी जा."