राक्षसाचे डोळे

शिवा म्हात्रेने पन्नाशी ओलांडली होती. पेणजवळच्या जोह्यात त्याचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता आणि वर्षा-दोन वर्षांतून एकदा तो काळा टी-शर्ट घालून मुंबईला रॉकचा कार्यक्रम ऐकायला जात असे. पहिल्या दोन गोष्टी गावाला समजत होत्या. तिसरी काही कुणाला उमगली नव्हती, आणि शिवाने ती उमगावी म्हणून कधी तोंडही उघडलं नव्हतं.

विशी-पंचविशीत तो परळला पडदे रंगवणाऱ्या एका माणसाकडे कामाला होता. एका कॉलेजच्या मैदानावर स्टेजमागचा पडदा बांधायला गेला, शिडीवर उभा होता, आणि खाली 'फर्नेस' नावाच्या बँडने वाजवायला सुरुवात केली. ढोल तर त्याने आयुष्यभर ऐकले होते, पण हे काही वेगळंच होतं. छातीचा पिंजरा कुणीतरी आतून ठोकतंय असं त्याला वाटलं. पडदा अर्धा सुटून लोंबत राहिला आणि शिवा शिडीवरच उभा. गाणं इंग्रजी, शब्द काही कळत नव्हते. "आरतीतलं तरी सगळं कुठं कळतं," असं तो पुढे हौसाला म्हणायचा.

हौसा म्हणजे त्याची बायको. ती त्या बँडला भट्टीवाले म्हणे. "निघालं का भट्टीवाल्यांकडं? जावा. कानात कापूस घाला म्हंजे झालं."

फर्नेसच्या कार्यक्रमाचा शेवट ठरलेला असे. रॉनी नावाचा त्यांचा गायक स्टेजवर ठेवलेलं राक्षसाचं प्लास्टरचं तोंड हातोड्याने फोडायचा. लोक बेभान ओरडायचे, तुकडे उचलायला धावायचे. चौऱ्याहत्तर साली शिवाच्या हाती शिंगाचा तुकडा लागला होता. तळहाताएवढा, आतून खोलगट. बावीस वर्षं तो ट्रंकेत, लग्नातल्या फेट्याच्या घडीत होता.

शहाण्णवच्या माघात शिवाचा पुतण्या प्रविण रोह्याहून आला. तो तिथे एका केमिकलच्या कंपनीत शिफ्टला होता. कंपनीला पंचवीस वर्षं होत होती, साहेबलोकांनी मुंबईचा बँड ठरवला होता, आणि तो बँड फर्नेस होता.

"काका, राक्षसाचं तोंड तुमीच बनवायचं," प्रविण म्हणाला. "तीन फूट. आठ दिवस हायेत. आणि त्यांनी मुद्दाम सांगितलंय, डोळं आखू नका. कोरं ठेवा."

"माहीत हाय," शिवा म्हणाला.

त्याला खरंच माहीत होतं. कोरं का ठेवायचं तेही, कारण त्याच्या कारखान्यात तोच नियम होता. मूर्तीला डोळे आखले नाहीत तोवर ते प्लास्टर. पडलं, फुटलं, तर झाडून टोपलीत भरायचं. पण एकदा डोळे आखले की तिला फक्त पाणी. तडा गेला तरी धुतल्या फडक्यात गुंडाळून खाडीवर न्यायची. म्हणून डोळे सगळ्यात शेवटी, आणि ते फक्त शिवाने आखायचे. आंघोळ करून, चहासुद्धा न घेता, कुणाशी न बोलता. हौसा त्या वेळी दारात बसून येणाऱ्याला बोटाने गप्प करायची.

राक्षस छान उतरला. कपाळाला आठ्या, वर वळलेली शिंगं, जिवणी उघडी. शिवाने तो डोळ्यांची वाट बघत असलेल्या रांगेच्या टोकाला वाळत ठेवला. त्या आठवड्यात परदेशात जाणारे गणपती होते. जहाज फाल्गुनात निघतं, त्यामुळे माघातच आखणी उरकावी लागते. राक्षसाला रोह्याला न्यायला टेम्पो यायच्या दिवशी शिवा पहाटेपासून बसला होता. एक मूर्ती, पुढची मूर्ती, पाट पुढे सरकवायचा. मनात रॉनीचं गाणं चाललेलं. इतक्या वर्षांनी तो इतक्या जवळ येणार, आपण त्याला भेटणार, हेच डोक्यात.

रांग संपली तेव्हा त्याने कुंचला खाली ठेवला आणि मान वर केली. समोर राक्षस त्याच्याकडे बघत होता.

अर्धे मिटलेले, काठाशी किंचित ओले वाटणारे, गणपतीचे डोळे. शिवाच्या हाताने दुसरे डोळे कधी आखलेच नव्हते.

हौसा दारातून उठून आत आली. बराच वेळ बघत राहिली. "ह्ये काय केलंत?"

"चुकून झालं. पांढरा मारतो वरनं."

"मारा बघू."

त्याने पांढऱ्यात ब्रश बुडवला. हात पुढे नेला. मग ब्रश पाण्यात धुतला आणि फडक्याला पुसला.

"ते फोडतात ना याला?" हौसाने विचारलं.

"रॉनीला सांगतो मी. बावीस-तेवीस येळा ऐकलंय त्याला, एवढं ऐकंल तो माझं."

"तुमी त्याचं ऐकलंय. त्यानं तुमचं कधी ऐकलंय?" असं म्हणून तिने आपलं धुतलेलं लुगडं आणलं आणि राक्षसाचं तोंड झाकून दिलं.

टेम्पोत शिवा मागे बसला, राक्षसाला धरून. काळा टी-शर्ट पोटावर ताणला होता, म्हणून वरून शर्ट घातला होता. पेणच्या नाक्यावर एक म्हातारी लुगड्याखालचा आकार बघून हात जोडून म्हणाली, "आत्ताच कुठं चालला रं देव?" प्रविण ड्रायव्हरशेजारी बसून हसला. शिवाला हसू आलं नाही.

कार्यक्रम पाचला होता, आठच्या आत आटपायचा होता. चार वाजता प्रविणने काकांना गेस्ट हाऊसवर नेलं. रॉनी दिवाणावर बसून कोंबडीची तंगडी खात होता. शिवाने त्याला कायम लांबून बघितलं होतं, स्टेजवरच्या दिव्यांच्या उजेडात. इथे खिडकीतून साधं ऊन येत होतं. केसांचा टोप शेजारच्या खुर्चीवर होता. पोटाला रुंद पट्टा आवळला होता आणि पट्ट्याच्या वर-खाली मांस सांडलं होतं. हनुवटीवर तेल ओघळत होतं. त्याने हात पडद्याला पुसला. तो शिवापेक्षा पाच-सहा वर्षांनी तरी मोठा असेल.

"या अंकल," तो म्हणाला.

शिवाला तो शब्द लागला, पण गिळला. त्याने खिशातून फेट्याचा तुकडा काढला, उलगडला, आणि चौऱ्याहत्तरचं शिंग पुढे केलं. "हे तुमीच फोडलेलं. मी तेव्हा पुढंच होतो."

"अरे वा," रॉनी म्हणाला. त्याने तुकडा घेतला, खोलगट बाजू वर करून मांडीवर ठेवला, सिगारेट पेटवली आणि तिची राख त्यात झटकली.

मुद्दाम नव्हे. त्याच्या हाताजवळ खोलगट काहीतरी आलं, एवढंच.

तरी त्याने सांगायचं ते सांगितलं. या वेळच्या तोंडाला डोळे झालेत, चूक माझीच. आमच्याकडे डोळे झाले की फोडत नाहीत. आजच्या दिवस हातोडा नको. हवं तर मी दुसरं करून मुंबईला आणून देतो, फुकट.

रॉनी ऐकत होता की दातात अडकलेलं काढत होता, सांगता येत नव्हतं. "ओके अंकल. नाही फोडणार. प्रॉमिस." आणि त्याने हात पुढे केला. शिवाने हात मिळवला. तळवा तुपकट होता. बाहेर येऊन त्याने तो नळाखाली धुतला, तरी बोटं एकमेकांना चिकटत राहिली. शिंग त्याने परत आणलं होतं, राखेसकट फेट्यात गुंडाळून.

कंपनीच्या मैदानावर कार्यक्रम सगळ्यांना खुला होता; मुंबईहून बसेस भरून पोरं आली होती. ऊन अजून होतं, नाल्यावरून कंपनीचा आंबूस वास येत होता, आणि त्यात बिअरचा, घामाचा, तळलेल्या वड्यांचा. कुंपणाला लागून रांगेने मुतत होते. लिंबाच्या झाडाखाली एकजण ओकत होता आणि त्याचा मित्र त्याच्या पाठीवर तालात थापट्या मारत होता. शिवाच्या चपलेखाली काहीतरी मऊ आलं. त्याने बघितलं नाही.

असं आधीही असणारच, त्याला वाटलं. तेव्हा आपण बघत नव्हतो.

त्याने शर्ट काढून कमरेला बांधला. काळ्या टी-शर्टवर 'फर्नेस' लिहिलेलं होतं, पहिल्या अक्षराचा रंग उडालेला. शेजारचा एक पोरगा अदबीने म्हणाला, "काका, खुर्ची आणून देऊ?"

"नको," शिवा म्हणाला.

वाजायला लागलं तेव्हा छातीत ठोका पडला, नाही असं नाही. गिटार तशीच होती. पण रॉनीचा आवाज वरच्या पट्टीत गेला की फाटत होता, आणि फाटला की तो माईक लोकांकडे करायचा. दोन गाण्यांच्या मधे तो खाकरून स्टेजच्या कडेला थुंकत होता. पुढच्या पोरांना ते शिंतोडे उडले की ती खूश होऊन ओरडत होती. शिवाने मान वळवली. मान वळवून बघायचं तरी कुठे? म्हणून तो राक्षसाकडे बघत राहिला. लाल दिव्यात ते अर्धे मिटलेले डोळे सगळ्या मैदानाकडे बघत होते, ओकणाऱ्याकडे, थुंकणाऱ्याकडे, शिवाकडे. दोन गाण्यांच्या मधे, बाजूला खुर्च्यांवर बसलेल्या कामगारांच्या बायकांतली एक हळूच दुसरीला म्हणाली, "राक्षस हाय म्हणतात, पण तोंडावर मया हाय गो त्याच्या."

शेवटचं गाणं सुरू झालं. रॉनी विसरला नसेल, शिवाने स्वतःला सांगितलं. शब्द दिलाय.

रॉनीने हातोडा उचलला. शिवा पुढे सरकू लागला. "रॉनीभाई," त्याने हाक मारली. ती कुणाला ऐकू जाणार? ढोल वेग धरत होता. इतक्या वर्षांत अंगात भिनलेली ती जागा जवळ येत होती, जिथे सगळं क्षणभर थांबतं आणि मग घाव पडतो. ढोल थांबला. घाव पडला. मैदान ओरडलं.

आणि शिवाही ओरडला. पोटापासून, दोन्ही हात वर करून, दर वेळी ओरडायचा तसा. आपला आवाज आपल्याच कानात शिरला तेव्हा कुठे त्याचं तोंड मिटलं.

राक्षसाचं कपाळ उभं चिरलं होतं. दुसऱ्या घावाला जिवणी गेली. रॉनीने बिअरने चूळ भरली आणि ती पिचकारी त्या तुकड्यांवर सोडली. मग पोरं स्टेजवर चढली.

शिवाही चढला. लोकांच्या ढोपरांतून, ओल्या फळ्यांवरून रांगत. शिंगं गेली होती. कान गेले होते. एका मुलीच्या हातात भुवईसकट डावा डोळा होता. समीक्षा, समीक्षा अशी मैत्रीण तिला खालून हाका मारत होती. वीसेक वर्षांची असेल, हनुवटीपर्यंत काजळ ओघळलेलं.

"बाय, तो मला दे."

"काका, मी आधी घेतला."

ते खरं होतं. चौऱ्याहत्तर सालीही एका म्हाताऱ्या सफाईवाल्याने शिवाकडे तुकडा मागितला होता, झाडायचाय म्हणून. शिवाने दिला नव्हता.

त्याने खिशातून फेट्याचा तुकडा काढला. "हे घे. याच बँडचं. चौऱ्याहत्तरचं शिंग हाय."

"चौऱ्याहत्तर? खोटं."

"आतली राख रॉनीची हाय. आजची."

तिचे डोळे विस्फारले. तिने बोट राखेला लावलं, मैत्रिणीला दाखवलं, आणि घाईघाईने डोळा शिवाच्या हातात दिला, त्याचं मन बदलेल म्हणून. राख सांडू नये म्हणून शिंग दोन्ही हातांनी धरून ती खाली उतरली. शिवाला तिची किळस आली नाही. आपली आपल्यालाच यायला हवी होती, इतकी वर्षं, असं मात्र वाटलं.

उजवा डोळा सापडला नाही. प्रविणने फळ्यांखाली वाकून बघितलं, शिवाने रिकाम्या बाटल्यांचे क्रेट हलवले. कुणाच्या तरी पिशवीतून तो मुंबईला चालला होता.

कुंडलिका नदीवर दोघे पोचले तेव्हा अंधार पडला होता, पुलावरच्या दिव्याचा उजेड पाण्यावर होता. डोळ्यावर बिअर वाळून चिकट झाली होती. शिवाने तो आधी धुतला, मग टी-शर्ट काढून त्याला पुसला. पाण्यात सोडला तेव्हा डोळा वर होता. थोडा वेळ दिसला, मग नाही.

शिवा तिथेच वाकला आणि त्याने चूळ भरली. थुंकला. पुन्हा भरली.

"काका, बरं नाय वाटत का?" प्रविणने विचारलं.

"ओरडलो मी," शिवा म्हणाला.

"सगळेच ओरडत होते की."

शिवाने तिसरी चूळ भरली.

सकाळी हौसाने ओला टी-शर्ट दोरीवरून काढला. लुगडं परत आलं नव्हतं. "किती डोळं मिळालं?" एवढंच तिने विचारलं.

"एक."

तिने टी-शर्ट झटकला. मग म्हणाली, "दुसरा ज्याच्या घरात गेला असंल, त्याला बघत बसंल तो."

"बघू दे."

"ह्याचं काय करू?" तिने टी-शर्ट वर धरला. "मऊ झालाय. कुंचलं पुसायला बरा."

शिवाने मान हलवली. तिने दातांनी कड धरून टरकन दोन तुकडे केले, एक त्याच्या रंगांच्या वाट्यांजवळ ठेवला, आणि जाऊन दारात बसली. मूर्तींची नवी रांग लागली होती. शिवाने आंघोळ केली होती, चहा घेतला नव्हता. कुंचला उचलण्याआधी तो उठला, मोरीवर गेला, आणि तिला त्याच्या चूळ भरण्याचा आवाज आला.