पिंटोला सांगितलेलं

“अम्मची, हे पिंटोसाहेब,” लेक जिन्सीने ओळख करून दिली आणि थ्रेसियाम्माच्या हातातली स्ट्यूची पळी तशीच राहिली.

समोर काठी टेकून उभा असलेला हा ठेंगणा, टकला म्हातारा तिच्या नवऱ्याच्या मृत्यूनंतरच्या एकेचाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी थेट गोव्याहून कोचीला आला होता. सकाळी कबरीवर मेणबत्त्या लावताना तो मागेच उभा होता. तिला वाटलं, असेल सासरकडचा कुणी लांबचा पाहुणा. आणि हाच पिंटो! नवरा गेल्यापासून ती या एका माणसाची वाट बघत होती.

“आधी जेवा,” ती म्हणाली. “मग मला तुमच्याशी बोलायचंय. एकट्याशी.”

तिचा नवरा म्हणजे कमांडर कुरियाकोस. विमानवाहू जहाजावरून विमानं उडवण्यात त्याची हयात गेली. माणूस सोन्यासारखा, पण बोलायचं म्हणाल तर तोंडाला कुलूप. महिनोन्‌महिने समुद्रावर राहून घरी यायचा, टोपी खुंटीला लावायचा आणि विचारायचा, “आज मासा कुठला?” झालं, संपलं प्रेमाचं बोलणं! मुलींच्या सायकली दुरुस्त करील, रविवारी चर्चला जायच्या आधी सगळ्यांच्या बुटांना पॉलिश करील, बायकोला ताप आला तर उशाशी बसून राहील. पण ‘बरं वाटतंय का’ एवढं विचारायचं म्हटलं की नुसता घसा खाकरायचा. थ्रेसियाम्मा आधी रुसली, मग चिडली, मग तिने नाद सोडला. एक वेळ दगडाला पाझर फुटेल, याला नाही, असं ती बहिणींना सांगायची. मनातून मात्र वाट बघायची काही थांबली नव्हती.

तो निवृत्त झाला, म्हातारा झाला आणि एकेक गोष्ट विसरू लागला. आधी चष्मा, मग शेजारी, मग जावई आणि शेवटी तिलासुद्धा. दिवेलागणीला ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसून तो विमान उडवायचा. खाडीपलीकडे नौदलाचा तळ. तिथून एखादं विमान गेलं की याला आणखी चेव चढायचा. मग जेवायला उठतोय कशाला! “इच्चाया, कांजी निवतेय,” म्हणून ती नवऱ्याला हाका मारून मारून दमली. एका संध्याकाळी पार वैतागली आणि मेसमधल्या पार्ट्यांत कानावर पडलेलं काहीबाही आठवून, कमरेवर हात ठेवून गरजली, “दिवा दिसतोय का? दिसत असेल तर सरळ ये! डावीकडे सरकू नकोस!”

म्हातारा ताठ झाला. “दिवा दिसला! पिंटो, तू आहेस होय?”

पिंटो म्हणजे जहाजावर उभा राहून, दिव्याच्या खुणेने वैमानिकांना उतरवून घेणारा त्याचा जुना सहकारी. म्हातारा गुमान उठून तिच्या आवाजाच्या रोखाने टेबलापर्यंत आला. खुर्चीत बसला मात्र, डावा हात त्याने खाडकन पुढे रेटला. कांजीचं भांडं जमिनीवर! जहाजावर चाकं टेकली की इंजिनाचा जोर कमी करायचा नसतो, उलट डाव्या हातातला दांडा रेटून पूर्ण लावायचा असतो. विमान अडवणारी तार हुकली तर पुन्हा उडता यायला हवं. तिला हे ठाऊक होतं. तेव्हापासून ती भांडं आधी बाजूला सरकवायची, त्याचा हात धरायची आणि म्हणायची, “तार सापडली. आता सोड जोर.” मग तो सैल पडायचा, पण तिचा हात सोडायचा नाही.

अशी ती रोजची पिंटो झाली. आणि या पिंटोशी तो मुका माणूस काय काय बोलायचा म्हणता!

“लवकर उतरवत जा रे बाबा. घरी ती उपाशी बसली असेल. मी आल्याशिवाय जेवत नाही, वेडी.”

“मग सांग ना तिला, जेवून घेत जा म्हणून,” थ्रेसियाम्मा जाडा आवाज काढून म्हणायची.

“छे! सांगितलं आणि खरंच जेवायला लागली म्हणजे?” तो हसायचा. “स्वयंपाक करताना ती गाते, माहितेय? मी आत गेलो की गप्प होते. म्हणून मी बाहेरच बुटाची नाडी सोडत बसतो. सुटतच नाही मेली, किती वेळ!”

थ्रेसियाम्मा भिंतीकडे तोंड करून डोळे पुसायची.

मस्कतहून आलेल्या जिन्सीला हे बघवेना. “अम्मची, काय हे नाटक? डॉक्टर म्हणालेत ना, त्यांना खरं काय ते आठवून द्या म्हणून? सांग ना त्यांना, तू कोण आहेस ते.”

“गप गं! उभा जन्म बायको होऊन काढला, काय पदरात पडलं? पिंटो झाले तर चार शब्द कानावर पडतायत. राहू दे मला पिंटोच.”

पण आतून तिचा जळफळाट व्हायचा. या मेल्या पिंटोने काय असं पुण्य केलं होतं? आपल्या वाट्याला आले ते उष्टे शब्द; ताजे ताजे सगळे हा परका माणूस जहाजावर बसून ऐकून गेला! मग ईस्टर झाला आणि कुरियाकोस झोपेतच गेला. त्या दिवसापासून तिच्या मनाने एकच धरलं होतं: उरलेलं सगळं पिंटोकडे असणार. ते मागून घ्यायचं.

पाहुणे पांगले तशी ती पिंटोसमोर खुर्ची ओढून बसली. “ते माझ्याबद्दल तुम्हाला काय काय सांगायचे? आठवेल तेवढं सांगा. बारीकसारीकसुद्धा.”

पिंटो अप्पम मोडता मोडता थांबला. “तुमच्याबद्दल?”

“घरी बायको वाट बघतेय वगैरे. विमान उतरवताना बोलायचे ना तुमच्याशी?”

“उतरवताना?” म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला. “मॅडम, ‘दिवा दिसला’ याच्यापुढे कुणी एक शब्द काढला तर मी त्याला सोलून काढायचो. बायकोचं नाव घ्यायची कुणाची छाती होती?”

“मग नंतर? जेवताना, पत्ते खेळताना?”

“कुरिया, आणि बोलणार? अहो, सुरुवातीला किती दिवस आम्ही त्याला बिनलग्नाचा समजत होतो! एकदा सगळ्यांनी धरून बसवला, आज घरचं काहीतरी बोलच म्हणून. मुंडी खाली घालून बसला तो बसला. आम्हीच कंटाळून उठलो.”

म्हणजे काहीच नव्हतं. थ्रेसियाम्मा एवढी आशा लावून बसली होती आणि पिंटोची झोळी रिकामी! आता या जगात त्याचा एकही शब्द ऐकायचा उरला नव्हता. ती पदर तोंडाला लावून हुंदके देऊन रडली. कबरीवरसुद्धा ती अशी रडली नव्हती.

रडता रडता तिच्या ध्यानात आलं. कुणाजवळच बोलला नव्हता तो. पिंटोजवळ नाही, दोस्तांजवळ नाही. सगळ्या आयुष्यात जे काही बोलला ते त्या टेबलापाशी, तिचा हात धरून.

“शेवटी शेवटी बोलायचा का हो तो?” पिंटो पुढे झुकला. त्याचेही डोळे भरले होते. “सांगा ना मॅडम, काय म्हणायचा? इतकी वर्षं बरोबर काढली, पण त्याच्या मनात काय होतं ते आम्हाला कधी कळलंच नाही.”

तिला सांगावंसं वाटलं. अगदी ओठांवर आलं. पण तिने डोळे पुसले आणि मान हलवली.

“ते नका विचारू, पिंटोसाहेब,” ती म्हणाली. “नवरा-बायकोतलं बोलणं आहे ते.”

आणि त्याच्यासाठी गरम अप्पम आणायला ती आत गेली.