आतून कडी नसलेली खोली

टीव्ही काळा-पांढरा होता तेव्हाची गोष्ट. तेव्हा भुतंही स्वस्तात व्हायची: पांढरा झगा, मोकळे केस आणि तोंडाला डबाभर पावडर. नटीचं टीव्हीवरच्या चित्रपटातलं हे पहिलंच काम, तेही भुताचं. शूटिंग होतं बंद पडलेल्या वेड्यांच्या इस्पितळात. तिची मावशी तिथेच वारली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, उगाच काम हातचं जायचं.

आई मावशीला भेटायला एकदाच गेली होती. "दाराआडून ओरडत होती गं. डॉक्टर म्हणाले, सोंग आहे, लक्ष देऊ नका. आवाजसुद्धा तिचा वाटेना," असं आई नेहमी सांगायची.

शूटिंग होतं त्या कोठडीच्या दाराला कडी फक्त बाहेरून. म्हणून दाराखाली पाचर घालून फट ठेवली होती. कॅमेरा लावला होता दारातल्या झरोक्याला.

"फटीतून उजेड येतोय, पाचर काढा," दिग्दर्शक म्हणाला. दार बसलं आणि कडी आपसूक पडली.

भुताला एकच वाक्य होतं. "दार उघडा!" नटी खर्जात ओरडली. मग हात दाराच्या आतल्या बाजूला लागला. लाकूड नखांनी पार खरवडलेलं होतं. तिनं दार ढकललं, ते उघडेना. श्वास पुरेना.

"थांबवा! मला बाहेर काढा, खरंच!"

बाहेर दिग्दर्शक हेडफोन लावून खुशीत डोलत होता. "वा! काय जीव ओततेय! चालू ठेवा."

ती जितकी रडली तितका तो खूश झाला. दोन बोटांनी कडी सरकवायची, पण कुणाचा हात हलेना. शेवटी मेकअपवालीच चिडून उठली, दिग्दर्शकाला बाजूला सारलं आणि दार उघडलं. नटी तिच्या गळ्यातच पडली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, मेले.

चित्रपट लागला त्या दिवशी मायलेकी टीव्हीसमोर बसल्या. तो प्रसंग सरला तरी आईची नजर हलली नाही.

"हे खरं होतं ना?" तिनं विचारलं.

"हो."

"दार कुणी उघडलं?"

"मेकअपवालीनं. तिला माझा खरा आवाज ओळखू आला."

आईनं उठून टीव्ही बंद केला आणि पाठमोरीच उभी राहिली.

"मलाही आला होता," ती म्हणाली.