काचेचे कपाट मला नको

मित्रांनो, मला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही आणि कुणाची कीव तर मुळीच लागत नाही. मी हाताने फिरवायचा एक जुना कॅल्क्युलेटर आहे. अंगाने लोखंडी, वजनाने भारी. पुढे आकड्यांची बटणे आणि उजव्या कुशीला हँडल. आकडा लावून हँडल पुढे फिरवले की बेरीज, उलटे फिरवले की वजाबाकी.

परदेशातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. बोटीने मुंबईला उतरलो आणि नगरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्राच्या प्रयोगशाळेत येऊन बसलो. आम्ही पुष्कळ भावंडे होतो. त्यांत मी जरा अडेल. म्हणून मला सगळ्यांत मागच्या टेबलावर ठेवले होते, आणि ते टेबल नेहमी यशोधराच्याच वाट्याला यायचे. तिच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. चांगली यंत्रे आधीच इतरांनी धरलेली असायची. तिने एकदोनदा मागून पाहिले, मग मागणे सोडून दिले आणि माझाच स्वभाव शिकून घेतला. परीक्षेत आम्ही दोघांनी मिळून वर्गात पहिला नंबर काढला. तेव्हापासून मला अडेल म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

पुढे ती त्याच कॉलेजात शिकवू लागली. पोरांच्या कितीतरी तुकड्या माझ्यावर हात बसवून गेल्या. मग खिशात मावणारे कॅल्क्युलेटर आले, पाठोपाठ कॉम्प्युटर आले, आणि आम्ही जिन्याखाली गेलो. वर धूळ, खाली उंदीर. एके दिवशी भंगाराचा टेम्पो दारात लागला. यशोधराबाईंनी प्राचार्यांची परवानगी घेतली, मला उचलले आणि स्कूटरवर पायांशी ठेवून घरी नेले. माझा एक भाऊ गोरक्षनाथांनी नेला. बाकीच्यांचे काय झाले ते मला माहीत आहे, पण सांगवत नाही.

हे गोरक्षनाथ मूळचे सोनई गावचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. नगरच्या सावेडी भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये टीव्हीला जोडायचे जुने कॉम्प्युटर, कॅसेटवरून चालणारे खेळ, असे काय काय भरलेले. माझ्या भावाला त्यांनी पॉलिश करून काचेच्या कपाटात ठेवले होते. हा माणूस आणि यशोधराबाई मिळून जुन्या यंत्रांचे प्रदर्शन भरवू लागले.

यंदा ते सावेडीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये भरले. संस्थेचे अध्यक्ष सूर्यभानराव खूश झाले. म्हणाले, "आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. सगळं कायमचं इथंच ठेवा." गोरक्षनाथांचा चेहरा फुलला. घरात आता पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

तेवढ्यात माझ्या टेबलापाशी कडकन आवाज झाला. शाळेच्या कॉम्प्युटरच्या शिक्षिका दिपालीताई पालकांना माझी करामत दाखवत होत्या. हँडलचा फेरा अर्ध्यात असतानाच त्यांनी ते जोराने उलटे ओढले. माझ्या पोटातली स्प्रिंग तुटली आणि मी जागीच अडकलो. त्या बिचाऱ्या पांढऱ्याफटक पडल्या.

"बघा!" सूर्यभानराव म्हणाले. "खोली देतो, पण सगळं काचेत कुलूपबंद राहील. हात कुणी लावायचा नाही."

"बरोबर आहे त्यांचं," गोरक्षनाथ म्हणाले. "मॅडम, छप्पर मिळतंय. हो म्हणा."

"यंत्र मोडलं तर दुरुस्त करू," यशोधराबाई म्हणाल्या. "न चालवता ठेवायचं असेल तर त्याचा फोटो लावा भिंतीवर."

"अहो, स्प्रिंग कुठनं आणणार तुम्ही? जगात कुणी बनवत नाही आता."

"तुमच्याकडच्या मशीनमध्ये आहे की."

माझा भाऊ म्हणजे गोरक्षनाथांच्या जिवाचा तुकडा. तो शेजारच्याच टेबलावर, काचेच्या पेटीत चकाकत बसला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिले. मग पेटी उघडली आणि स्वतःच स्क्रू सोडवायला बसले.

झाकण निघाले आणि त्यांचा हात थांबला. आत तेल सुकून त्याचा डिंक झाला होता. चाके एकमेकांना चिकटली होती. वरून आरशासारखा लखलखीत असलेला माझा भाऊ काचेआड बसून बसून आतून आखडला होता.

"मी ह्याला इतका जपला," गोरक्षनाथ हळूच म्हणाले, "आन् एकदाबी फिरवला न्हाई."

त्यांनी स्प्रिंग काढून यशोधराबाईंच्या हातात दिली. ती बसवताना दिपालीताईंनी चिमट्याने टोक धरले. मी पुन्हा फिरलो. माझ्या फिरण्यात आता भावाचाही जोर आहे.

सूर्यभानरावांना दोघांनी मिळून नकार दिला. खोली गेली. पण गोरक्षनाथांनी आता मनावरच घेतले. एक टेम्पो ठरवला आणि आम्हाला थेट सोनईच्या आठवडे बाजारात नेऊन उभे केले, भाजीवाल्यांच्या ओळीत. दिपालीताई पण रजा काढून आल्या.

आक्काबाई नावाच्या आजी मेथी विकता विकता उठून आल्या. "आगं बाई, कशाचं यंत्र हाय हे? हात लावला तर चालंल का?"

"लावा की आजी," गोरक्षनाथ म्हणाले. "त्यासाठीच आनलंय."

आजींनी हँडल फिरवले. माझ्या छोट्या खिडकीत आकडे सरसर बदलले. "आरं, हे तर लई नाद लावणारं हाय!" म्हणत त्यांनी पुन्हा फिरवले, आणि मागे रांग लागली. दुपारपर्यंत माझ्या हँडलला मातीचे, हळदीचे, मिरचीचे हात लागले. इतका मळलो होतो, पण असा उजळ मी कधीच नव्हतो.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर एखादे जुने यंत्र असेल. ते खाली आणा. पुसा, तेलाचा थेंब द्या आणि चालवा. बिघडले तर उघडून आत बघा, घाबरू नका. माझा भाऊ सध्या यशोधराबाईंच्या टेबलावर रॉकेलमध्ये भिजतो आहे. परवा त्याचे एक चाक हलले. मीही पुन्हा मोडेन, त्याची मला भीती नाही. पण नुसता शोभेला बसा म्हणाल, तर तेवढे मात्र मी ऐकणार नाही.