स्नेहलची पिशवी

मुबशिरा नदाफ माणसाचं तोंड बघून पुस्तक देते, असं नेसरीच्या बाजारात म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. वाचनालयात कुणी आलं की ही बाई आधी कपाटाकडं बघायचीच नाही. बसा म्हणायची. झोप लागती का, घरात कोण कोण हाय, रानात काय लावलंय, असल्या चौकशा करत बसायची. समोरच्याला वाटायचं, आपण पुस्तक न्यायला आलोय की सोयरीक जमवायला? मग ती उठायची, आतल्या खोलीत जायची आणि एकच पुस्तक घेऊन यायची. दुसरं दाखवायचं नावच नाही. नवरा गेल्यापासून तोंड मिटून बसलेली एक बाई तिच्या पुस्तकानं खळखळून हसली होती. जन्मात बाजारभावाशिवाय काही न वाचलेला गुळाचा एक व्यापारी आता पुस्तक परत द्यायचं म्हटलं की कुरकुर करायचा.

पिशवीची योजनाही तिचीच. वाडीवस्तीवरच्या बायका वाचनालयात येणार कधी? धारा, शेणघाण, पोरं, रानातली भांगलण, यातून मान वर काढायला सवड असते होय? पण डेअरीला दूध घालायला सकाळ-संध्याकाळ यावंच लागतं. मग पुस्तकांनीच डेअरीवर जावं की. प्रत्येक बाईनं जुन्या लुगड्याची, नाहीतर पोराच्या फाटक्या शर्टाची एक पिशवी शिवून द्यायची. मुबशिरानं त्या बाईसाठी निवडलेलं पुस्तक तिच्या पिशवीत घालायचं, आणि रिकामे कॅन नेणाऱ्या टेम्पोतून पिशव्या जाऊन डेअरीच्या खुंटीला लागायच्या. वर नाव घालायची गरज नव्हती. स्वतःच्या लुगड्याचा तुकडा कुठली बाई ओळखत नाही? सुरुवातीला लोक हसले. पुढं मळवाडीच्या डेअरीत खुंट्या कमी पडायला लागल्या, तेव्हा हसणाऱ्यांच्या बायकांच्याही पिशव्या तिथं लटकत होत्या.

त्या गुरुवारी दुपारी मळवाडीच्या डेअरीचा सेक्रेटरी बाळासो याचा फोन आला. हा माणूस फोनवर आला की लवकर सोडत नाही. पिशव्या पोचल्या म्हणाला, कुणाचा तरी बंद उसवलाय म्हणाला, म्हशीच्या दुधाला फॅट कसं लागंना तेही सांगून झालं. आणि जाता जाता म्हणाला, की उदयसिंहाची स्नेहल पोरांना घेऊन माहेरी गारगोटीला गेलीया, बहिणीचं डोहाळजेवण हाय, तर तिची पिशवी सासू घेऊन गेली. काल सांजंलाच.

मुबशिरा खुर्चीतून उठली. फोन ठेवला, पुन्हा उचलला, कुणाला लावायचा ते सुचेना.

कारण त्या पिशवीत काय आहे, हे मुबशिरा आणि स्नेहल या दोघींनाच माहीत होतं. स्नेहल आठवड्याच्या बाजाराला आली होती, तेव्हा वाचनालयात येऊन पदर तोंडात कोंबून रडली होती. सासूच्या, बायडाबाईच्या, पोटातलं दुखणं साधं नव्हतं. कोल्हापूरला तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरनं मायलेकातल्या लेकाला बाजूला घेऊन सांगितलं, की हा कॅन्सर आहे, पसरलाय, आता घरी नेऊन जपा. उदयसिंहानं घरी येऊन बायकोला शपथ घातली. आईला कळता कामा नये. बायडाबाईच्या थोरल्या बहिणीला हेच झालं होतं. तिला कुणीतरी तोंडावर सांगितलं आणि त्या दिवसापासून तिनं अन्न सोडलं. महिना काढला नाही तिनं. म्हणून बायडाबाईला सांगितलं होतं, आतड्याला सूज आहे, गोळ्यांनी जाईल. स्नेहलला पाहिजे होतं असल्या माणसाला घरात कसं सांभाळायचं, दुखायला लागलं तर काय करायचं, काय भरवायचं, ते सांगणारं पुस्तक. विचारणार कुणाला? नवरा कोल्हापूरला फौंड्रीत, शनिवारी घरी येणार.

मुबशिराकडं तसं पुस्तक होतं. घरच्या माणसाला कॅन्सर झाल्यावर घरच्यांनी काय करावं, ते साध्या मराठीत लिहिलेलं. त्या दिवशी ते दुसरीकडं गेलेलं होतं. परत आलं की मीच येऊन नेते, असं स्नेहल म्हणाली होती बिचारी. आणि मुबशिरा काय म्हणाली? तुझ्या पिशवीला कोण हात लावतंय, पाठवते की.

एका चुलीवर जेवणाऱ्या घरात सुनेची पिशवी म्हणजे सुनेचीच, असं ही शहाणी धरून चालली होती. सासू सुनेची साडी नेसते, सून सासूच्या चपला घालून रानात जाते, आणि पिशवी तेवढी एकटीची? त्यात बायडाबाई जुनी चौथी शिकलेली. स्नेहलचं वाचून झालं की तेच पुस्तक घेऊन ती कट्ट्यावर बसायची आणि ओळीवर बोट फिरवत मोठ्यानं वाचायची. साऱ्या वाचकांत मुबशिराला तिचंच कौतुक जास्त होतं. आता त्याच कौतुकाचं तिला भ्या वाटायला लागलं.

तिनं स्नेहलला फोन लावला. पलीकडं बायकांची गाणी चालली होती. स्नेहलनं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, की आत्तींनी वाचलं आसंल तर हे मला जन्मात माफ करणार न्हाईत, आणि मी बी मला करणार न्हाय. मिळंल त्या गाडीनं निघते. तुम्ही तेवढं जावा मॅडम. पिशवी उघडली नसंल तर तशीच काढून आणा.

मुबशिरानं वाचनालयाला कुलूप घातलं आणि स्कूटी काढली. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. एकीच्या मागून दुसरी, बाजू द्यायचं नाव नाही. ती हॉर्न वाजवत होती आणि मनात एक थाप घोकत होती. चुकून दुसरीचं पुस्तक तुमच्यात आलं, काकी, द्या बघू. हसत म्हणायचं. घाई आहे असं दाखवायचं नाही. नाहीतर संशय येईल. आणि वाचलं असेल तर? त्याच्या पुढं तिचं डोकं चालत नव्हतं. या अल्ला, तिला काल चष्मा सापडला नसू दे, एवढंच ती म्हणत होती.

घराला कडी होती. शेजारच्या धोंडुबाईनं भिंतीवरून डोकं काढलं. बायडाबाई कुठं आहे विचारल्यावर ती म्हणाली, आता काय सांगू बाई, कालपासनं हिचं काय तरी बिनसलंय. काल सांजंपासनं पोटात चहाचा घोट न्हाय. म्या भाकरी घेऊन गेले तर तशीच परत पाठवली.

मुबशिराला बायडाबाईची बहीण आठवली. झालं म्हणजे. बहिणीनं केलं तेच हिनं सुरू केलं. आणि हे आपण केलं, दुसऱ्या कुणी नाही. आपल्या हातानं पुस्तक निवडलं, आपल्या हातानं पिशवीत घातलं.

बायडाबाई गोठ्यात सापडली. आधी मुबशिराला कळेचना, की समोर काय चाललंय. दाराशी पिण्याच्या पाण्याच्या घागरी भरून लावलेल्या. वैरणीचा हा एवढा ढीग कापून ठेवलेला. शेण काढून गोठा लख्ख. दोरीवर पोरांची दप्तरंसुद्धा धुऊन वाळत घातलेली. आणि ती म्हातारी, जिला डॉक्टरनं घागर उचलू देऊ नका म्हणून सांगितलेलं, ती एक हात पोटाशी दाबून दुसऱ्या हातानं म्हशीच्या गव्हाणीत वैरण टाकत होती. डोळे सुजून लाल झालेले. मरणाला भ्यालेलं माणूस दप्तरं कशाला धूत बसेल?

मुबशिरानं घोकलेली थाप मारली. हसलीही, जमेल तसं. चुकून दुसरीचं पुस्तक आलं, काकी.

बायडाबाईनं हातातली वैरण खाली ठेवली.

"तू चुकून पुस्तक देत न्हाईस," ती म्हणाली. "साऱ्या नेसरीला ठावं हाय."

मुबशिराचं एवढी वर्षं मिळवलेलं नाव असं नरड्याशी आलं.

मग बायडाबाई बोलायला लागली आणि थांबेना. पुस्तक तिनं पहिल्या पानापासून अर्ध्यापर्यंत वाचलं होतं. पुढं वाचवेना. आपणच पोरीला रानात पाठवत होतो, म्हणाली. परवा कणकण हाय म्हणत होती तर नाटकं करती म्हणून बोललो. पोरगी वाळत चाललीया ते दिसत होतं, पण वाटलं, जागरणं होत्यात माझ्यासाठी. मागल्या वेळी भांडण झालं तेव्हा काय काय शब्द काढले मी तोंडातनं. आणि तिनं एका शब्दानं सांगितलं न्हाय बघ. माहेराला गेली ती बी आईला शेवटचं भेटायला गेली आसंल, आणि मी तिला म्हणले, चार दिस काय राहतीस, कामं पडल्यात. आता येईल तवा तिला काडी उचलायला लागू नये, म्हणून उरकून ठेवतीया समदं.

मुबशिराला आता कुठं उलगडलं. पिशवी स्नेहलची. पुस्तक स्नेहलसाठी निवडलेलं. म्हणजे दुखणं स्नेहलचं. म्हातारीनं सरळ हिशेब केला होता, आणि स्वतःचं नाव तिच्या मनात आलंच नव्हतं.

क्षणभर मुबशिराचा जीव भांड्यात पडला. बायडाबाईला स्वतःचं दुखणं कळलंच नव्हतं. गुपित शाबूत होतं. आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची शरम वाटली, कारण समोर बायडाबाई पोटाला हात लावून वाकली होती आणि तरी दुसऱ्या हातानं वैरण गोळा करत होती. खोटं सांगून सुटावं तर खोटं कोणतं सांगायचं? एक तर हिनं आधीच ओळखलेलं. गप्प बसावं तर ही सुनेच्या भीतीनं अन्नाचा कण घेणार नाही, कामं करकरून इथंच पडेल. आणि खरं सांगावं, तर उदयसिंहाची शपथ, आणि ती थोरली बहीण.

"खरं सांग पोरी," बायडाबाई म्हणाली. "किती दिस हायत तिचं? लेकरं लई बारकी हायत गं. काल रातभर देवाला एकच म्हणत हुते, तिचं माझ्या अंगावर घाल. माझं काय ऱ्हायलंय आता. पण तो कुटं ऐकतोय."

मुबशिरानं तिला हाताला धरून खाली बसवलं आणि तिच्याजवळ गोठ्याच्या ओल्या जमिनीवर तशीच बसली.

"काकी, स्नेहलवैनीला काय झालेलं न्हाय."

"मला फसवू नगंस."

"अल्लाची शपथ. तिला काय बी झालेलं न्हाय. ठणठणीत हाय ती."

बायडाबाई मग विचारायला लागली. उदयला? न्हाय. पोरांतल्या कुणाला? न्हाय, काकी, न्हाय. मग तिनं विचारणं थांबवलं. म्हशीनं गव्हाणीत तोंड घातलं, वैरण करकरायला लागली. बायडाबाईनं पोटावरचा स्वतःचा हात बघितला, जणू तो कुणी दुसऱ्यानंच तिथं ठेवला होता. मुबशिराला वाटलं, आत्ता ही आडवी होणार, आणि पुन्हा उठणार नाही. तिनं तिचा दंड घट्ट धरला.

"म्हंजे माझं व्हय ते," बायडाबाई म्हणाली.

मुबशिराला हो म्हणवेना. ती रडायला लागली. माफ करा म्हणाली, माझ्या हातनं झालं म्हणाली, आणखी काय काय म्हणाली, पण म्हातारीचं लक्षच नव्हतं. ती छपराकडं बघत होती. मग तिनं दोन्ही हात जोडले, कपाळाला लावले, आणि तिचा सगळा चेहरा सैल झाला.

"ऐकलं की रं बाबा," ती म्हणाली. "ऐकलंस की."

आणि मग ती मुबशिराच्याच खांद्याला धरून उठली आणि म्हणाली, भूक लागलीया, आत चल. धोंडुबाईची परत पाठवलेली भाकरी तिनं भिंतीवरून हाक मारून मागून घेतली. चुलीपुढं बसून तिनं ती दुधात कुस्करली आणि सावकाश खायला लागली. एक घास पोटात दुखला तेव्हा थांबली, आणि पुन्हा खायला लागली.

स्नेहल आली तेव्हा ती खातच होती. लेकरं माहेरीच ठेवून पोरगी फाट्यापासून पळत आलेली, डोहाळजेवणाची नवी साडी धुळीनं भरलेली. उंबऱ्यात उभी राहून तिनं आधी मुबशिराचे सुजलेले डोळे पाहिले, मग कोनाड्यातलं पुस्तक पाहिलं, आणि तिचं तोंड पांढरंफटक पडलं. आत्ती, एवढंच म्हणाली.

बायडाबाईनं ताटली बाजूला ठेवली. उठायला वेळ लागला तिला. सुनेपाशी जाऊन तिनं तिच्या तोंडावरून, खांद्यावरून, दंडांवरून हात फिरवला, बाजारात एखादी घागर कुठं चेपली तर नाही ना बघावं तसा. मग तिच्या गालांवरून बोटं ओवाळून आपल्या कानशिलांवर कडाकडा मोडली.

"चांगली हाईस की गं तू," म्हातारी म्हणाली, आणि एवढ्या आनंदानं हसली, की स्नेहलला रडावं की काय करावं ते कळेना.