दुसऱ्या गिअरमधले आयुष्य

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. जुनी आपली वयाने. चालण्याच्या हिशेबाने पाहाल, तर मी अजून जवळपास कोरीच आहे. माझे इंजिन अठराशे सीसीचे. एकेका सिलिंडरमध्ये लोटाभर पाणी सहज मावेल. वजन म्हणाल, तर चार धट्टेकट्टे लोक एकत्र बसावेत तेवढे.

कारखान्यात माझे इंजिन साखळीला टांगून सांगाड्यात उतरवले गेले. जोडणी पूर्ण झाली, तेव्हा दिवसभर कोणाशी न बोलणारा एक वयस्क कामगार माझ्या टाकीवर थाप मारून म्हणाला, "जा बाई, लांब लांब जा." मला मिळालेला तो पहिला आशीर्वाद.

मग मी दुकानाच्या मोठ्या काचेमागे उभी राहिले. संध्याकाळी घरी परतताना एक गृहस्थ त्या काचेपाशी थांबत. ते चष्मे बनवत. सारा मोहल्ला त्यांना चष्मेकाका म्हणे. अंगाने किरकोळ, बोटे नाजूक. तरुणपणी त्यांच्या वडिलांच्या दुकानात एक प्रवासी पाणी मागायला आला होता. धुळीने माखलेला, ओठ फुटलेले आणि बाहेर उभी असलेली त्याची मोटारसायकल म्हशीएवढी. "कुठून आलात?" असे विचारल्यावर त्याने नुसता मागच्या क्षितिजाकडे हात केला म्हणे. त्या हाताने काकांना आयुष्यभर झपाटून टाकले. संसार झाला, लेक शिकून आपल्या पायांवर उभी राहिली आणि एके दिवशी काका काच ओलांडून आत आले.

सोबत काकू होत्या. त्या बालवाडीच्या बाई. काका माझ्यावर बसले तेव्हा त्यांच्या टाचा अधांतरीच राहिल्या. जमिनीला टेकले ते फक्त चवडे.

विक्रेता म्हणाला, "सवय होते साहेब. सगळ्यांना होते."

"पण पडली तर उचलणार कोण?" काकूंनी विचारले.

विक्रेता हसला. काका आरशात पाहत राहिले.

सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. माझा आवाज ऐकला की खिडक्या उघडत. रस्त्यात अनोळखी माणसे थांबून विचारत, "किती सीसी हो?" काका आकडा सांगत आणि त्यांची मान ताठ होई. माझीही होत असे. पण मित्रांनो, खरे सांगायचे तर आमची वाट कोणती? घर ते दुकान आणि दुकान ते घर. त्यात चार सिग्नल, दोन अरुंद बोळ आणि एक कायम उखडलेला चौक. मला सहा गिअर आहेत. त्यातल्या दुसऱ्यापुढे जाण्याची पाळीच येत नसे. इंजिन तापायचे, काकांच्या मांड्या भाजायच्या. बाजूने सायकलवाले सुळकन पुढे जायचे. मी आपली लग्नाला नटून निघालेल्या आणि दारातच अडकलेल्या पाहुणीसारखी धुसफुसत उभी.

एकदा मात्र मी खरोखर धावले.

त्या दिवशी काका-काकू समुद्र पाहायला निघाले. गाव मागे पडले, घाट संपला आणि समोर सरळ, रुंद, मोकळा रस्ता पसरला. काकांनी एकेक गिअर वर टाकला. सहाव्यात पोहोचताच माझ्या आतली सगळी धडधड एकसंध झाली. तोवर जी नुसती आदळआपट वाटत होती, तिचे गाणे झाले. काकूंनी आधी काकांची कंबर घट्ट धरली होती. थोड्या वेळाने त्यांनी एक हात सोडला, मग दुसरा. पदर खोचून, दोन्ही हात पसरून त्या वाऱ्यात बसल्या होत्या.

"अहो," त्या ओरडल्या, "हळू नका करू हं."

मित्रांनो, आजही कोणी मला 'तुला काय हवे' असे विचारले, तर मी तेवढे एक वाक्य मागेन.

त्यानंतर पुन्हा जायचे ठरत राहिले. कधी गिऱ्हाईक अडले, कधी काकांचा गुडघा धरला, कधी मला बोळातून बाहेर काढण्याच्याच विचाराने त्यांना थकवा आला. मग तो दिवस आला. दुकानासमोर मला वळवताना चाकाखाली खडी आली. आम्ही चालतही नव्हतो, जवळजवळ उभेच होतो. मी एका बाजूला कलले. काकांनी जिवाच्या आकांताने मला धरले. पण तराजूच्या एका पारड्यात मी आणि दुसऱ्यात ती चष्मे घडवणारी बोटे. मागून उतरत असलेल्या काकूंचा पाय माझ्याखाली सापडला.

काका मला उचलू पाहत होते. पुन्हा पुन्हा जोर लावत होते. मी वीतभरही हलले नाही. काकू ओरडल्या नाहीत. "लोकांना हाक मारा," एवढेच म्हणाल्या, अगदी शांतपणे, लहान मुलांशी बोलतात तशा. सुतार, दूधवाला आणि दोन वाटसरू धावून आले, तेव्हा कुठे मी सरळ झाले. काकूंचा घोटा मोडला होता. काका रस्त्याच्या कडेला बसले आणि आपल्या तळहातांकडे पाहत राहिले. मला हात असते, तर मीही तोंड झाकले असते.

घरामागच्या पत्र्याच्या पडवीत माझ्यावर ताडपत्री पडली. काकूंचे प्लास्टर निघाले, त्या काठी टाकून चालू लागल्या. काकांनी मात्र मला सुरू केले नाही आणि जाऊही दिले नाही.

"चूक माझी होती," ते म्हणत. "मी सांभाळायला हवं होतं तिला."

काकूंनी एकदा स्पष्टच सांगितले. "अहो, दुसऱ्यांच्या डोळ्यांना तुम्ही काटेकोर मापाचा चष्मा देता. स्वतःला तेवढा ढगळ सदरा घेऊन आलात. त्यात काय एवढं? मला फिरायचंय. मला वारा हवाय. वजन नकोय."

काकांनी माझ्यावरची ताडपत्री नीट केली. मग म्हणाले, "लहान गाडीवर बसशील माझ्या मागं? अजून?"

"टाचा टेकत असतील तर बसेन."

आणि माझ्या शेजारी एक लहान मोटारसायकल येऊन उभी राहिली. किडमिडीत, शेळीसारखी. तिचे इंजिन माझ्या दहाव्या हिश्श्याचेही नसेल. मी मनातून नाक मुरडले. पण सुट्टी आली की ती निघे. परत येई तेव्हा चाकांना तांबडी माती, दिव्यावर चिकटलेले पाखरू, आणि काकूंच्या केसांत कसलेसे गवत. एकदा तर तिच्या खोगिराला ओल्या वाळूचा वास होता. ती समुद्रावर जाऊन आली होती! घाट चढताना तिला धाप लागली म्हणे, म्हणून दोघे मध्ये थांबले, तिथे त्यांना झरा दिसला. मी तो घाट सहज चढले होते. मला झरा दिसला नव्हता.

मित्रांनो, ताडपत्रीखाली फार काही करता येत नाही. बॅटरी मेली. टाकीतले पेट्रोल नासले. खोगिराचा स्पंज उंदरांनी नेला. शेजारून त्या लहानीचे इंजिन सुरू झाले, की माझ्या गार पडलेल्या पिस्टनना उगाच वाटे, आता आपली पाळी.

काकूंचा धाकटा भाऊ मेकॅनिक. तो मुलामुलींना इंजिनदुरुस्ती शिकवत असे. तो एकदा ताडपत्री उचलून म्हणाला, "भावोजी, ही माझ्या कार्यशाळेत द्या. एवढं मोठं इंजिन पोरांना उघडून बघायला कुठं मिळतंय?"

"मोडतोड होईल रे."

"इथं काय होतंय, भावोजी?"

काकांनी माझ्या टाकीवरची धूळ बाहीने पुसली. पुसतच राहिले. मग हळूच म्हणाले, "ने."

आता मी कार्यशाळेत असते. मला खालून लोखंडी चौकटीत पक्के बसवले आहे. मागचे चाक जमिनीपासून वीतभर वर. शिकणाऱ्यांनी मला सुटे केले, घासले, पुन्हा जोडले. ज्या दिवशी मी पहिल्यांदा धडधडले, त्या दिवशी काका-काकूंना बोलावणे गेले. दोघे त्या लहानीवरून आले. मेहुण्याने एकेक गिअर टाकला. सहावा पडला. चाक दिसेनासे झाले, काटा थरथरत वर गेला. काकूंनी माझ्या खोगिरावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"तोच आवाज ना गं?" काकांनी विचारले.

"हो," त्या म्हणाल्या. "वारा तेवढा नाही."

मित्रांनो, मोठे इंजिन असणे हा गुन्हा नाही, आणि त्याची आस धरणे तर मुळीच नाही. लांबच्या रस्त्यावर राहणाऱ्या, मला पेलू शकणाऱ्या कोणा धिप्पाड माणसाच्या घरी मी सुखाने म्हातारी झाले असते. एवढेच मागते, की एखादी वस्तू घरी आणण्याआधी तिला तुमच्याकडे रस्ता आहे का, हे पाहा. ती पडली तर तुम्हाला उचलता येईल का, हेही पाहा. आणि आणलीत, तर झाकून ठेवू नका. आमच्यासारख्यांना गंज आधी आतून चढतो.

आज दुपारी वर्ग भरेल. कोणीतरी बटण दाबील, मी सहाव्या गिअरपर्यंत जाईन, पूर्ण वेगाने धावेन. खाली फरशीवरचा तेलाचा डाग आहे तिथेच असेल.