मातीला पाजलेलं दूध

चाळीस वर्षं मी पोरांच्या थोबाडीत मारत आलो आणि त्याचं कुणालाच वाईट वाटलं नाही, अशी माझी समजूत होती. सणसरच्या तालमीत मी वस्ताद, रावजी वस्ताद. कुस्ती शिकवायची म्हणजे मारायचं, एवढंच मला माझ्या वस्तादांनी शिकवलेलं. जोर काढताना कंबर खाली गेली की पाठीत काठी, डाव चुकला की कानाखाली. उत्कर्षा पोरगी म्हणून तिला सूट नव्हती, आणि तिनं ती कधी मागितलीही नाही. मार खायची, नाक पुसायची, पुन्हा उभी राहायची. अशी पोरगी मला आयुष्यात एकदाच मिळाली.

तिचं एकच मला खुपायचं. तिला दूध चालत नव्हतं.

दूध न पिणारा पैलवान ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरतच नव्हती. लहानपणी घोटभर दूध पोटात गेलं की तिच्या अंगावर गांधी उठायच्या, एकदा तर श्वासच अडकला होता म्हणे. म्हणून तिची आई माधवी तिला सोयाबीन खायला घालायची. भिजवून शिजवलेलं, त्याचं काढलेलं दूध, त्याच्या वड्या. आमच्याकडं सोयाबीन कोंबड्यांच्या खाद्यात जातं. मी सगळ्या तालमीसमोर तिला "कोंबडे" म्हणून हाक मारायचो आणि पोरं दात काढायची.

एकदा मी माधवीबरोबर बारामतीला त्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. गेलो तो भांडायलाच. दवाखान्याच्या भिंतीवर अ‍ॅलर्जी करणाऱ्या पदार्थांचा तक्ता होता. दूध, अंडं, शेंगदाणे, गहू, मासे, आणि त्याच पंगतीला सोयाबीन.

"ह्ये बगा," मी त्याच्यावर बोट आपटलं. "दोगं बी एकाच तक्त्यात हायती. मग दूध वाईट आन् सोयाबीन चांगलं, ह्ये कसं काय?"

"ज्याला सोयाबीनची अ‍ॅलर्जी आहे त्यानं ते खाऊच नये," बाई शांतपणे म्हणाल्या. "उत्कर्षाला ती नाही. तिच्यासाठी ते चांगलं अन्न आहे, अंगात ताकद येते. आणि दूध तुम्हाला मानवत असेल, तिचा जीव घेईल. तक्ता बघून नाही, माणूस बघून ठरवायचं असतं, वस्ताद."

माणूस बघून मी आयुष्यात काही ठरवलं नव्हतं. माझ्या तालमीत सगळ्यांना एकच खुराक आणि एकच काठी. बाईंनी माधवीला औषध भरलेली सुई दिली, पोरीचा श्वास कोंडला तर ती मांडीत कशी टोचायची ते दोनदा करून दाखवलं. मी बाहेर येऊन थुंकलो.

यंदा गावच्या जत्रेत उत्कर्षाची कुस्ती डाळजच्या मोनाशी लागली. मोना तिच्यापेक्षा आठ किलोनं जड, आणि तिनं आधी एकीचा खांदा निखळवलेला. आखाड्याची माती तयार करायचं काम दरवर्षी माझ्याकडं असतं. मातीलाही खुराक लागतो. हळद, लिंबू, तेल, कापूर घालतात, ताक ओततात, तेव्हा ती मऊ होते. उत्कर्षा असेल त्या मातीत ताक पडणार नाही, असा शब्द मी माधवीला दिला होता आणि तीन वर्षं पाळला होता.

त्या सकाळी मी आखाड्यात म्हशीच्या दुधाचे दोन कॅन रिकामे केले. वरून ताक ओतलं आणि फावड्यानं सगळी माती खालवर केली. पोरगी तोंडानं पीत नाही ना, मग माती पाजेल तिला. दूध कातडीतून अंगात मुरतं, असं आमचे जुने पैलवान सांगायचे. मोनासमोर तिला बळ मिळावं, एवढीच माझी इच्छा होती. कुणाला काही बोललो नाही.

दुपारी कुस्ती लागली. मोनानं पहिल्याच झपाट्यात उत्कर्षाला उचलून आपटलं, मानेवर गुडघा रोवला आणि तिचं तोंड मातीत रगडलं. नाकातोंडात माती गेली. उत्कर्षा खालून निसटली, उठता उठता तिचं कोपर मोनाच्या तोंडावर बसलं आणि ओठ फुटला. रक्त बघून लोक पिसाळले. मीही पिसाळलो. "फोड तिला! फोड!" म्हणून बोंबलत होतो. मोनानं रक्त थुंकलं, उत्कर्षाचे केस धरून तिला पुन्हा खाली घातलं आणि पुन्हा मातीत रगडलं. पंच ओरडला तेव्हा कुठं केस सोडले.

उत्कर्षा उठली ती गळा ओरबाडत. दोन पावलं मोनाकडं गेली, मग वळली आणि रांगत माझ्याकडं आली.

"वस्ताद... घसा..."

हजार माणसं बघत होती. माझी लाज निघाली असं मला वाटलं. मी तिच्या थोबाडीत लगावली.

"नाटकं करतीस व्हय? ऊठ!"

हाताला गाल लागला तो तापलेला, टम्म फुगलेला. ओठ दुप्पट झाले होते, डोळे मिटत चालले होते. गर्दी फाडत माधवी आली. तिच्या हातात सुई होती.

मी तिचं मनगट पकडलं. आजही माझी मला किळस येते, पण पकडलं. "सुई न्हाय टोचायची! सुई टोचली की कुस्ती गेली!"

माधवी माझ्या हाताला चावली. दात हाडाला लागले तरी मी सोडेना, तेव्हा तिनं माझ्या पोटात गुडघा घातला. चाळीस वर्षांत मला पाडणारा मिळाला नव्हता. मी पाठीवर पडलो आणि तिनं कपड्यावरूनच पोरीच्या मांडीत सुई खुपसली.

जीपमधून बारामतीला नेलं. मोठ्या दवाखान्यात पोरीला आत घेतलं आणि बाहेर तिचा बाप इंद्रजित बायकोवर धावून गेला.

"किती येळा सांगितलं, त्ये सोयाबीन बंद कर! वस्ताद कवाधरनं सांगत व्हते, कोंबड्याचं खाद्य हाय! मारलीस ना पोरगी!"

त्यानं मारलं ते उघड्या हातानं नाही, मुठीनं. माधवीचं डोकं भिंतीवर आदळलं. शब्द माझे होते, मूठ तेवढी त्याची. आतून आलेल्या डॉक्टरनं दोघांना दरडावलं आणि विचारलं, सकाळपासून पोरीच्या पोटात काय गेलं? कारण कळलं नाही तर पुन्हा असंच होईल, आणि पुढच्या वेळी वाचेलच असं नाही.

"भाकरी आन् सोयाबीन," माधवी म्हणाली. "रोजचंच. दुधाचा थेंब बी न्हाय."

"मग तेच नव्यानं सुरू झालं असेल. सोयाबीन कायमचं बंद करावं लागेल." डॉक्टर आत गेले.

माधवी भिंतीला टेकून खाली बसली. "माज्याच हातनं झालं का ओ, वस्ताद?"

मला गप्प बसता आलं असतं. सोयाबीन काही तोंड उघडून बोलणार नव्हतं. इंद्रजितनं तिला लाथ घातली तेव्हाही मी गप्प होतो. त्यानं दुसरी उगारली, तेव्हा मी त्याला मागं ओढलं.

"सोयाबीन न्हाय. दूध व्हतं. मातीत. म्या वतलं."

मग तो माझ्यावर वळला. मला एका हातानं त्याला उचलून फेकता आलं असतं. मी हात खाली ठेवले. त्यानं माझे दोन दात पाडले, बरगडीत लाथा घातल्या. माधवीनं त्याला अडवलं नाही. कपाळावरचं रक्त पदरानं पुसत ती डॉक्टरांना दुधाचं सांगायला आत गेली.

उत्कर्षा वाचली. सहाव्या दिवशी ती तालमीतलं आपलं सामान न्यायला आली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच थांबली. पिशवी मीच भरून दिली.

"चुकलो, पोरी," मी म्हणालो. "दुधानं आसं काय हुईल, आसं मला खरंच वाटत न्हवतं."

तिनं पिशवी खांद्याला लावली. "आय सांगत व्हती, कुस्तीआदी तुमी तिला इचारलं, सुई संगं आणलीया का म्हणून. तीन वर्सांत पयल्यांदाच इचारलं."

मी दारातली काठी उचलून आत टेकवली.

"इचारलं ना?"

"व्हय."

ती निघून गेली. आता ती बारामतीत मॅटवर शिकते, सोयाबीन खाते आणि जिंकते. आणि हे सगळं तुम्हाला सांगतानासुद्धा ती सुईची गोष्ट मी गाळलीच होती.